सुईने गाठ पसरते का? आजीच्या काळापासूनची भीती आणि आजचं उत्तर

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ५८. डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ आहे, दोन महिन्यांपासून हाताला लागते, दुखत नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सुईने तुकडा काढायला सांगितलं आहे. वाडीतले सगळे म्हणतात, सुई लावू नका, लावली की पसरतो. आजी म्हणायची, आमच्या काळी हा रोगच नव्हता. मग आला कुठून? पूर्वी लोक काय करायचे? आता खरंच काही बदललंय का? आणि १२ वर्षांच्या मुलीला गर्भाशयाच्या कॅन्सरची लस द्यावी का?

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २८ वर्षं सर्जन म्हणून काम करते आहे. आधी कामाचं सांगते, मग मागचं. याच आठवड्यात आईंच्या गाठीचा तुकडा काढून घ्या. छातीतल्या सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ५८ व्या वर्षी नव्याने आलेली, न दुखणारी गाठ तपासल्याशिवाय सोडायची नाही. सुईने ती पसरणार नाही. का नाही, आणि वाडीतल्या माणसांना तसं का वाटतं, हे नीट सांगायचं तर आजीच्या काळात जावं लागेल.

आजींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. त्यांना हा रोग दिसला नाही, कारण तो ओळखणारं कोणी जवळ नव्हतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. पटकी, हिवताप, बाळंतपण, क्षय यांतून जो सुटेल तोच साठीपर्यंत पोचायचा, आणि हा रोग मुख्यतः उतारवयाचा. त्यात कोणाला आतून काही झालंच तर घरात ‘पोटात गोळा झाला’, ‘नासूर झाला’, ‘बाहेरचं काहीतरी लागलं’ एवढंच म्हटलं जायचं. देवळात कौल लावायचे, गाऱ्हाणं घालायचे. माणूस झिजून जायचा आणि रोगाला नाव मिळायचंच नाही.

रोग मात्र फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचं वर्णन आहे: गोल, स्थिर, खोल मुळाची, वेदना कमी, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ. यातले ‘वेदना कमी’ आणि ‘न पिकणारी’ हे दोन शब्द मी प्रत्येक बाईला सांगते. दुखत नाही म्हणजे साधी असेल, असं आपण धरून चालतो आणि तिथेच महिने जातात. गळू दुखतं, पिकतं, फुटतं आणि बरं होतं. ही गाठ गप्प बसते. अर्बुद काढताना काही शिल्लक राहिलं तर ते पुन्हा उद्भवतं, हेही त्याच ग्रंथात आहे. आज आम्ही काढलेल्या गाठीच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो त्या याच कारणासाठी.

ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या काळी याला ‘कार्किनोस’ म्हणत, म्हणजे खेकडा. आपला ‘कर्करोग’ही तोच. हे नाव कोकणातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. चिंबोरी बिळात शिरून दगडाला नांगी लावून बसली की ओढून निघत नाही, मोडते. छातीतली वाढलेली गाठ बोटांना तशीच लागते, खालच्या मांसाला धरून बसलेली. सुरुवातीची गाठ मात्र बोटाखाली सरकते. आईंची सरकते का, हे त्यांच्या डॉक्टरांनी पाहिलंच असेल.

आपल्याकडे या रोगाचं स्वतंत्र रुग्णालय यायला १९४१ साल उजाडलं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्याही परदेशात उपचार घेत असताना. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरिअल उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. गिरणगावात आपली चाकरमानी माणसं चाळीतल्या खोल्यांत राहत होती, त्यामुळे ‘परळला नेलं’ हा शब्द गावात लवकर पोचला. पण तो निरोपाचा शब्द म्हणूनच पोचला. परळला नेलेलं माणूस परत यायचं नाही, किंवा यायचं ते महिनाभरासाठी.

वाडीतल्या भीतीचं मूळ मला इथे दिसतं. मी त्या माणसांना अडाणी म्हणत नाही. त्यांनी जे पाहिलं तेच ते सांगतात. बाई दोन-दोन वर्षं गाठ पदराखाली लपवायची, जखम होऊन वास यायला लागला की कोणीतरी तिला दवाखान्यात न्यायचं. तिथे सुई लागायची, तुकडा निघायचा आणि दोन-तीन महिन्यांत बाई जायची. पाहणाऱ्याला क्रम दिसतो: सुई, मग मरण. त्याआधीची दोन वर्षं त्याला दिसत नाहीत, कारण ती तिने कोणाला सांगितलेलीच नसतात.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हातची आहे. मी नवी असताना हर्णैच्या बाजूची एक खारवी बाई आली होती. लिलावात मासळीच्या टोपल्या उचलणारी, खणखणीत आवाजाची. छातीवर जखम, तिला हळदीचा लेप, वर कापड घट्ट बांधलेलं. मी तुकडा घेतला आणि निदान करून मुंबईला पाठवलं. तोवर रोग यकृतात गेला होता. सात आठवड्यांत ती गेली. पुढे अकरा वर्षांनी तिची जाऊ माझ्याकडे आली, तशीच जखम घेऊन. एवढे दिवस का थांबलीस, विचारलं तर म्हणाली, “बाय, मोठीला तुम्ही सुई लावलात आणि ती गेली. माका ता नको होता.” त्या वाडीतली भीती माझ्याच सुईतून जन्मली होती. पहिल्या वेळी मी तुकडा घेतला, पण घरच्या माणसांना एकत्र बसवून ‘रोग आधीच पुढे गेला आहे, सुई फक्त त्याचं नाव सांगणार आहे’ हे सांगितलं नाही. तेव्हापासून हे सांगितल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

सुरीच्या भीतीला आणखी एक कारण आहे. पूर्वीची शस्त्रक्रिया खरोखरच भयंकर होती. जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये वनस्पतींचं औषध पाजून, बाईला बेशुद्ध करून स्तनाची गाठ काढली. अमेरिकेत ईथरची भूल यायला त्यानंतर ४२ वर्षं लागली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढायची पद्धत रूढ केली. जास्त कापलं की जास्त बरं, हा त्यामागचा विश्वास. जवळपास ऐंशी वर्षं जगभर तो चालला. त्या शस्त्रक्रियेनंतर बाईच्या बरगड्या दिसायच्या, हात सुजून खांबासारखा व्हायचा, घागर उचलता यायची नाही. अशा बायका मी विद्यार्थिदशेत पाहिल्या आहेत. त्या गावी परतल्यावर बाकीच्या बायकांनी काय ठरवलं असेल, हे सांगायला नको.

तो विश्वास मोडला तो अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांनी. १९७१ पासून त्यांनी हजारो बायकांवर पद्धतशीर तुलना केली आणि १९८५ पर्यंत दाखवून दिलं की लवकर सापडलेली गाठ तेवढीच काढून किरणं दिली, तरी बाई तितकीच जगते. त्यांच्या मते हा रोग लवकरच रक्तातून फिरू शकतो. म्हणून स्नायू खरवडून काढण्यापेक्षा औषधाने सगळ्या शरीराला जपणं महत्त्वाचं. आज लवकर आलेल्या बाईचा स्तन आम्ही बहुतेक वेळा वाचवू शकतो. आईंना हे आधी सांगा. कित्येक जणी मरणापेक्षा स्तन जाण्याला जास्त घाबरतात आणि ते मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही.

आता थेट सुईकडे. सुईच्या वाटेवर चार पेशी सांडू शकतात का? क्वचित सांडतात. पण स्तनाच्या बाबतीत ती वाट शस्त्रक्रियेत काढली जाते किंवा किरणांच्या टप्प्यात येते आणि सुई लावल्यामुळे बायका कमी जगल्या असं दिसलेलं नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगते: पुरुषांच्या अंडकोषातल्या गाठीला आम्ही बाहेरून सुई लावत नाही. प्रत्येक अवयवाचा नियम वेगळा असतो, आणि स्तनाचा नियम ‘आधी तुकडा, मग शस्त्रक्रिया’ हाच आहे. तुकडा न काढता थेट गाठ कापून टाकणं ही मात्र खरी चूक. अशी अर्धवट कापलेली छाती घेऊन बायका अजूनही येतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी हलून रक्तात जात असतील का, ही शंका वाडीत आहे तशी ती परळच्या डॉक्टरांनाही पडली. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. टाटा मेमोरिअलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० बायकांवर अभ्यास केला. निम्म्या जणींना नेहमीसारखी शस्त्रक्रिया. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिडोकेन टोचलं, दाताच्या डॉक्टरकडे बधिर करायला देतात तेच साधं, स्वस्त औषध. पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या ८६.४ टक्के बायका जिवंत होत्या, दुसऱ्या गटातल्या ९०.१ टक्के. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरात जवळजवळ चार बायका जास्त जगल्या, एका बाटलीभर औषधावर. वाडीतली भीती आणि हा शोध एकाच प्रश्नातून निघाले आहेत. आईंची शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला याबद्दल जरूर विचारा.

किरणांबद्दल थोडं. आपल्याकडे त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात आणि शेक म्हटलं की भाजणं डोळ्यांसमोर येतं. राँटगेन यांना क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले, क्युरी दांपत्याला रेडियम १८९८ मध्ये. सुरुवातीला मात्रा कळत नसल्याने कातडी खरोखर भाजायची. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टची यंत्रं आली आणि किरण खोलवर नेमके पोचू लागले. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे त्याच जातीचं यंत्र. आताच्या यंत्रांत नेमकेपणा आणखी वाढला आहे. कातडी काळवंडते, थकवा येतो, आणि बहुतेक जणींचं ते काही आठवड्यांत ओसरतं.

केमोथेरपीचा जन्म मात्र विचित्र आहे. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब पडले. एका अमेरिकन जहाजात लपवून ठेवलेला विषारी मस्टर्ड वायू पाण्यात मिसळला. वाचलेल्या खलाशांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्याचं डॉक्टरांनी टिपलं. त्याच जातीच्या औषधावर अमेरिकेत आधीपासून गुपचूप काम चालू होतं. मग १९४७ च्या सुमारास बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि काही मुलं काही काळ पुन्हा खेळू लागली. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते येल्लप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘केमो म्हणजे विष’ हे वाक्य ऐकायला मिळतं. ते मोजून दिलेलं विष आहे, हे खरंच. केस जातात आणि परत येतात. आणि प्रत्येकीला केमो लागतेच असं नाही. काहींना रोज एक गोळी, टॅमॉक्सिफेन किंवा तत्सम, पाच वर्षं किंवा अधिक पुरते.

हा रोग आला कुठून, हा तुमचा दुसरा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण त्याचं अर्धं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कारण शोधण्याची सुरुवात लोकांच्या सवयी पाहण्यातूनच झाली. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या वृषणाच्या कातडीवरचा कर्करोग काजळीशी जोडला. आपल्याकडे हे काम टाटा मेमोरिअलच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी केलं. त्यांच्या आडनावातच वेंगुर्ल्याचं खानोली गाव आहे. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाईंनी दाखवलं की कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट एकाच जागी बांधल्याने तिथे व्रण होऊन कातडीचा कर्करोग होतो. पुढे साडीच्या गाठीखालीही तो दिसला. म्हणून परकराची नाडी रोज एकाच जागी करकचून बांधू नका आणि तिथे काळं पडून खाज किंवा न भरणारी जखम झाली तर दाखवा. छोटी गोष्ट आहे, पण मी अशा दोन बायका पाहिल्या आहेत.

तोंडाच्या कर्करोगाचा खरा मोठा गुन्हेगार मात्र मशेरी. तुम्ही गुहागरच्या, तुम्हाला सांगायला नको. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईतो भाजायचं, चुरायचं आणि सकाळी डबी उघडून बोटाने दातांना, हिरड्यांना लावायचं. घरभर तो खमंग वास. सासू लावते म्हणून सून लावते. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. ही बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजतच नाही. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर ती मनापासून ‘नाही’ म्हणते. म्हणून मी विचारते, “दात कशाने घासता?” १९७२ मध्ये डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले पांढरे चट्टे, गाठी यांचं नातं त्यात गावपातळीवर मांडलं गेलं. एवढ्या लोकांच्या दारात जाऊन जबडे उघडून पाहण्याचं काम किती चिकाटीचं असेल, याचा मला आजही अचंबा वाटतो. दिलासा देणारी गोष्ट अशी, की तंबाखू सुटली की असे बरेच चट्टे मागे हटतात. मी स्वतः पाहिले आहेत.

सुपारीबद्दल लिहिताना हात जड होतो. श्रीवर्धनच्या रोठ्यापासून गुहागरच्या नारळी-पोफळीच्या आगरांपर्यंत कितीतरी घरं या पिकावर उभी आहेत, माझं माहेरही त्यातलंच. पण नुसती सुपारी, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. सुपारीने तोंडाची आतली कातडी आवळत जाते. जेवताना तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं एकावर एक उभी तोंडात गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर आजच दाखवायचं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडीतली गोड सुपारी आणि मावा शाळेच्या वाटेवर पोरांच्या हातात दिसतो. लग्नात पूजेला सुपारी ठेवा, गणपती म्हणून मांडा, विका. तोंडात मात्र ठेवू नका. आगर असलेल्या माणसांना मी हेच सांगते आणि काही जण माझ्यावर रागावतातही.

मग छातीचा रोग मशेरीमुळे का? नाही. त्याला एकच कारण नसतं. वय, घराण्यातला वारसा, मूल उशिरा होणं किंवा न होणं, पाळी लवकर येऊन उशिरा जाणं, वाढलेलं वजन, दारू, असं पुष्कळ काही. आईंनी काही केलं म्हणून हे झालं, असं घरात कोणी म्हणू नये. गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र वेगळा. १८४२ मध्ये इटलीतल्या रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या. नन्समध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार कमी आणि लग्न झालेल्या बायकांत जास्त, हे त्यांना दिसलं. त्याचा अर्थ लागायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. जर्मनीच्या हॅराल्ड त्सुर हाउजेन यांनी १९८३-८४ मध्ये एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार या गाठींत शोधून काढले. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो, अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. ज्यांच्या जात नाही त्यांना दहा-वीस वर्षांनी त्रास होतो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. एका संसारात, एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही हा रोग होतो.

याचा फायदा असा की रोग व्हायला लागणारी ती दहा-वीस वर्षं आपल्या हातात असतात. आणि ते सिद्ध झालं आपल्याच महाराष्ट्राच्या खेड्यांत. घाटावर, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, ज्यांची तपासणी झाली नाही त्यांच्या तुलनेत, या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या धोरणांनी ते उचललं. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर आणखी साधी पद्धत वापरली. आरोग्यसेविकेने गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावायचं आणि एक मिनिट थांबून पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. एवढ्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात हाताने स्तन तपासण्याचे २० वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाले. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही, फक्त शिकवलेले हात. या अभ्यासांत तुलनेसाठी एका गटाची तपासणी केली नव्हती. त्यावर टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. पण तपासणी झालेल्या आणि न झालेल्या, त्या सगळ्या बायकांचं आपल्यावर ऋण आहे.

टाटाची पथकं पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गातही गावोगाव फिरली. आम्हीही आमच्या तालुक्यात शिबिरं घेतो. पहिलं शिबिर मी उत्साहाने जूनअखेर लावलं आणि तीन बायका आल्या. सगळ्या लावणीला चिखलात. मग कळलं, भात झोडून झाल्यावर आणि आंबा-काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आत, पौष-माघात जायचं. आणि तपासणारी बाई त्याच गावची नको. ओळखीच्या हाताला बायका लाजतात, परगावच्या सेविकेपुढे मोकळ्या होतात. ‘अंगावरून जातं’ हे शब्द बाहेर पडायला कधीकधी चहाचे दोन कप लागतात. पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, वास येणारं पाणी जाणं, हे कोणी सांगितलं की मी त्या दिवशीच तपासते. तिशीपुढच्या प्रत्येक बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामातच धरलेली आहे. तुमचीही करून घ्या, फक्त आईंची नको.

आता मुलीची लस. द्या, उशीर करू नका. ९ ते १४ हे वय सर्वांत चांगलं, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी शरीर तयार होतं. ही लस जगात २००६ पासून आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस ‘सर्व्हाव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ वयात तिचे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आहेत. भारतात २००९ मध्ये सुरू झालेला लसीचा एक अभ्यास २०१० मध्ये मध्येच थांबवावा लागला आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्या मुलींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं की एका डोसनेही भक्कम संरक्षण मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये एका डोसला मान्यता देताना जे पुरावे पाहिले त्यांत आपल्या या मुली होत्या. लसीने वंध्यत्व येतं ही अफवा आहे. हात दुखतो, क्वचित चक्कर येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. सरकारी केंद्रात मिळते का, ते आशाताईंना विचारा. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

पुन्हा आईंकडे येऊ. डॉक्टरांना ‘कोअर बायोप्सी’ करायला सांगा, म्हणजे जाड सुईने बारीक काडीसारखा तुकडा. नुसत्या बारीक सुईने पेशी ओढल्या तर पुढच्या चाचण्या नीट होत नाहीत. जागा बधिर करतात, पाच-दहा मिनिटांचं काम, आई त्याच दिवशी घरी येतील. प्रयोगशाळेतून स्लाइड आणि मेणाचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे कुठेही गेलात तरी तो लागतो, नाहीतर पुन्हा सुई. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार बसतात, आणि योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला आधी भेटलात तर पैसे भरून मग परतावा मागण्याची वेळ येत नाही. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणला कर्करोगाचे उपचार होतात, ते तुम्हाला जवळचं. परळला जायचं ठरलं तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्णालयाचे कागद दाखवून चौकशी करा.

रिपोर्टात कॅन्सर नाही असं आलं तर तो कागद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवून एकमेकांशी जुळतात का ते विचारा. कॅन्सर आहे असं आलं तर त्यावर ईआर, पीआर (गाठ शरीरातल्या संप्रेरकांवर वाढते का ते सांगणारे) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) असे तीन शब्द आणि त्यांच्यापुढे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते लिहिलेलं असेल. नसेल तर प्रयोगशाळेला ती चाचणी करायला सांगा. ते तीन शब्द मला कळवा. गोळी, केमो की आधी शस्त्रक्रिया, हे त्यांच्यावरून आणि गाठ कुठवर पोचली आहे यावरून ठरतं, ते तेव्हा सविस्तर बोलू.